बारावीनंतर गुन्हेगारी कायद्याचं शिक्षण: खेड्यातल्या पोरापोरींनी कुठून अन् कसं सुरू करावं

निकाल लागला की जून-जुलैत हा प्रश्न हमखास येतो, "सर, क्राईमवालं काही शिकायचं आहे, कोणता कोर्स करू?" कोणाच्या डोक्यात वर्दी राहते, कोणाच्या डोक्यात टीव्हीवरची लॅब, आणि बरेच जण असे की घरात नाहीतर गावात काहीतरी घडलेलं आहे, बापासोबत ठाण्यात-कोर्टात चकरा मारलेल्या आहेत आणि तेव्हा जे काहीच समजलं नाही ते आता नीट समजून घ्यायचं आहे. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, जास्त करून फौजदारी. खाली जे लिहितो ते यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली अशा आपल्या भागातल्या पोरापोरींसाठी, ज्यांच्या घरात आधी कोणी वकील नाही न् कोणी अधिकारी नाही.

पहिलं म्हणजे "क्रिमिनल जस्टिस" या नावाची डिग्री शोधत बसू नका. आपल्याकडे हा विषय वेगवेगळ्या कोर्समधे वाटलेला आहे, आणि तुम्हाला त्यातलं नेमकं कोणतं काम करायचं आहे त्यावरून कोर्स ठरते.

कोर्टात उभं राहायचं असेल तर लॉ. बारावी कोणत्याही शाखेची चालते, आर्टसवाल्यांनी उगाच मागं राहू नये. बारावीनंतर पाच वर्षांचा बीए एलएलबी, नाहीतर कोणतीही डिग्री झाल्यावर तीन वर्षांचा एलएलबी. पाच वर्षांच्या कोर्सला बारावीत ओपनला 45 टक्के, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40 टक्के लागतात. प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या लॉ सीईटीमधून होते, पेपर मराठी-इंग्रजी दोन्हीत येते आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न सोडून येऊ नका. अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख लॉ कॉलेज, नागपूरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर लॉ कॉलेज, यवतमाळचं अमोलकचंद, चंद्रपूरचं शांताराम पोटदुखे, ही आपल्या पट्ट्यातली नावं आहेत. कोणत्या कॉलेजात पाच वर्षांचा कोर्स आहे न् कुठं फक्त तीन वर्षांचा, ते फॉर्म भरायच्या आधी पाहून घ्या. नागपूरला बुटीबोरीच्या बाजूला वारंग्याला नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी पण आहे, पण तिचा प्रवेश क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेतून होते, तो पेपर पूर्ण इंग्रजीत राहते आणि फी पण मोठी आहे. तयारी असेल तर जरूर द्या, पण तिथंच नंबर लागला तर शिकीन असं धरून बसू नका.

पाच की तीन, यावर माझं मत सरळ आहे. वकीलच व्हायचं हे पक्कं असेल तर पाच वर्षांचा करा, एक वर्ष वाचते. पीएसआय, तलाठी, वकिली असं सगळंच डोक्यात फिरत असेल तर जवळच्या कॉलेजात बीए करा, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र घ्या आणि तोवर काय ते ठरवा.

लॅबचं काम पाहिजे असेल तर बारावी सायन्स लागते. नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तिथं फॉरेन्सिक सायन्समधे बीएससी होते. पण तिथं जायच्या आधी एक समजून घ्या, नागपूरच्या आणि अमरावतीच्या प्रादेशिक प्रयोगशाळेत दिवसभर जे चालते ते म्हणजे व्हिसेरा (मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने), रक्ताचे नमुने, दारूचे नमुने, मोबाईल. त्यात मोठा भाग सरळसरळ केमिस्ट्री आहे, केमिस्ट्रीचा कंटाळा असेल तर हा रस्ता घेऊ नका. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते, पीएसआयला कोणतीही डिग्री चालते. आणि कैदी, बालगुन्हेगार, पीडित कुटुंब यांच्यासोबत काम करायचं असेल तर बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची डिग्री करून पुढं एमएसडब्ल्यू, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधे यातलं खास शिक्षण भेटते. बाल न्याय मंडळावर एका मॅजिस्ट्रेटसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात हे बहुतेकांना माहीतच नसते.

कागदपत्रं अकरावीतच काढायला घ्या. जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला. पडताळणीला महिने लागतात आणि आजोबाच्या शाळेचा दाखला शोधण्यातच उन्हाळा जाते, हे ऐन प्रवेशाच्या वेळी कळून उपयोग नाही. फीसाठी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा. एससीच्या पोरांना हॉस्टेल नाही भेटलं तर स्वाधार योजना आहे, आदिवासी पोरांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. मुलींसाठी 2024 पासून व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली आहे, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. तुमच्या कॉलेजात, तुमच्या कोर्सला ती लागू आहे का हे प्रवेश घेतानाच लेखी विचारा, नंतर विचारू म्हणू नका.

आता अभ्यासाचं, म्हणजे मुद्द्याचं.

1 जुलै 2024 पासून तिन्ही मोठे कायदे बदलले. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि 1872 च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. जुन्या दंड संहितेत 511 कलमं होती, नव्या न्याय संहितेत 358 आहेत. खून 302 चा 103 झाला, 420 ची फसवणूक 318 मधे गेली, चोरीचं 379 होतं ते 303 झालं, खुनाच्या प्रयत्नाचं 307 होतं ते 109 झालं. गावात अजून पाच-दहा वर्षं लोक "तीनशे दोन लागला"च म्हणणार आणि ते ठीक आहे, पण तुम्हाला दोन्ही पाठ पाहिजे. कारण 1 जुलै 2024 च्या आधी घडलेला गुन्हा जुन्याच दंड संहितेखाली चालते, कोर्टातल्या आज सुरू असलेल्या कितीतरी केसेस जुन्या कलमांच्या आहेत. सीनियरचं जुनं पुस्तक भेटलं तर फेकू नका, शेजारी नवीन बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराचं पुस्तक, ठेवा आणि पेन्सिलीनं मार्जिनमधे नवीन नंबर लिहीत चला. महिनाभरात हात बसते.

गाईड आणि नोट्स यांच्याबद्दल थोडं कडक बोलतो. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचा, माझं काही म्हणणं नाही. पण वर्षभर फक्त तेच वाचणारं पोट्टं पुढं कोर्टात उभं राहिलं की कलमातला एक "किंवा" कुठं आहे हे त्याला सांगता येत नाही, आणि फौजदारीत माणूस त्याच "किंवा"वर सुटते नाहीतर अडकते. कायदा मूळ शब्दांत वाचा, कलम, त्याखालचं स्पष्टीकरण, उदाहरण, अपवाद, सगळं. रोज दोन कलमं वाचली तरी चालते.

आणि तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसा. हे मी सगळ्यात कळकळीनं सांगतो कारण नागपूर-पुण्याच्या पोरांपेक्षा तुम्ही इथं पुढं आहात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 366 प्रमाणे फौजदारी कोर्ट खुलं राहते, जागा असेल तर कोणीही मागच्या बाकावर बसून ऐकू शकते. बलात्कारासारख्या केसेस बंद दाराआड चालतात, त्या वेळी बाहेर निघायचं. मोबाईल बंद ठेवा, पायावर पाय न टाकता नीट बसा, साहेब आले की उभे राहा, बस एवढंच लागते. आणि पहिल्या दिवशी काहीच समजत नाही, नुसत्या पेशीच्या तारखा पुकारल्या जातात, आरोपी हजर, साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख. टिकून राहा. तिथल्या शब्दांची वही करा. फिर्यादी, पंच, मुद्देमाल, तपासी अंमलदार, दोषारोपपत्र, सरतपासणी, उलटतपासणी, फितूर. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. आपल्याकडे अकस्मात मृत्यूला ठाण्यात मर्ग म्हणतात, तो शब्द तुम्हाला पुस्तकात भेटणार नाही पण फाईलवर भेटते. तालुक्याचा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी 3 वर्षांपर्यंतच शिक्षा देऊ शकते, म्हणून तिथं मारहाण, चोरी, अपघात, दारू अशा केसेस दिसतील, खून आणि मोठे गुन्हे जिल्ह्याला सत्र न्यायालयात. वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी असल्यामुळं तिथल्या पोरांना दारूबंदी कायद्याच्या केसेस भरपूर ऐकायला भेटतात. पंचनाम्यावर सही करणारा पंच कोर्टात येऊन "मला काही दाखवलं नाही, सही घेतली" म्हणते तेव्हा काय होते ते बघा. पुरावा कायद्याचं अर्धं पुस्तक त्या दहा मिनिटांत समजते.

दुसरं काम घरी बसून करता येते. सुप्रीम कोर्टानं 2016 मधे सांगितलं की संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर पोलिसांनी वेबसाईटवर टाकावा. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर तुमचा जिल्हा, तुमचं ठाणं टाकून खरा एफआयआर उघडते, आणि तो मराठीत राहते. एक घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. गुन्हा कधी घडला आणि ठाण्यात खबर कधी आली, या दोन वेळांमधे किती तासांचं अंतर आहे? उशीर झाला असेल तर उशिराच्या रकान्यात कारण लिहिलं आहे की तो कोराच आहे? ठाण्यापासून अंतर न् दिशा लिहिली आहे, पावसाळ्यात नाल्याला पूर असताना तिथून ठाण्यात यायला किती वेळ लागत असेल? आरोपीचं नाव पहिल्याच खबरीत आलं की "अनोळखी इसम" आहे? शेवटच्या रकान्यात कोर्टाला एफआयआर कधी पाठवला? बचावाचा वकील नेमक्या याच जागा बघते. कोणत्याही एफआयआरवर हे प्रश्न वहीत लिहून उत्तरं काढली की तुमची नजर तयार होते.

एक उदाहरण नीटच करून दाखवतो, आपल्या शेतातलं. समजा काकाच्या विहिरीवरच्या मोटरपंपची केबल रात्री चोरीला गेली. उघड्या शेतातली चोरी, म्हणजे न्याय संहितेचं कलम 303 चं पोटकलम 2, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. घर फोडून नेली असती तर कलमं वेगळी लागली असती. आता पुढं वाचा, त्याच कलमात लिहिलं आहे की मालाची किंमत 5000 रुपयांच्या आत असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्यानं माल किंवा किंमत परत केली तर शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा. इथं न थांबता नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी जो तक्ता आहे, पहिली अनुसूची, तिच्यात जा. 5000 च्या आतली चोरी तिथं अदखलपात्र आणि जामीनपात्र दाखवली आहे. अदखलपात्र म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, ठाण्यातून फक्त एनसीचा कागद भेटते. म्हणजे काकाला पहिला प्रश्न हा विचारायचा की केबल किती मीटर होती आणि बिल आहे का! बिल दाखवून किंमत 7000 निघाली तर एफआयआर, आणि अंदाजानं "असन चार-साडेचार हजाराची" म्हटलं तर एनसी. गावातले कितीतरी लोक ठाणेदारावर राग काढतात, काही वेळा राग खराही राहते, पण इथं सगळा फरक एका आकड्यानं पडलेला असते. आणि दखलपात्र असूनही ठाण्यात घेत नसतील तर कलम 173 च्या पोटकलम 4 प्रमाणे एसपी साहेबांना लेखी पाठवायचं, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट भेटते. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागते.

बघा, एका केबलवर तुम्ही गुन्ह्याची व्याख्या, शिक्षा, दखलपात्र-अदखलपात्र, एफआयआर, नकाराविरुद्धचा उपाय एवढं शिकले. असंच बैल चोरी, धुऱ्यावरून झालेली मारामारी, ट्रॅक्टरचा अपघात, अवैध सावकारी, करणी-भानामतीच्या संशयावरून मारहाण, एकेक घेऊन करा. सावकारीला 2014 चा महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे, जादूटोण्याला 2013 चा, अॅट्रॉसिटीला 1989 चा, आणि तुम्ही ताडोबा नाहीतर मेळघाटच्या कडेला राहत असाल तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तुमच्या गावात भारतीय न्याय संहितेइतकाच कामाचा आहे.

केस लॉ, म्हणजे मोठ्या कोर्टांचे निकाल, वाचायला आपल्या मातीतूनच सुरुवात करा. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयानं दोघा पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि 1978 मधे सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणून संमती होती असं धरून. निकालपत्रात हा खटला तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावानं भेटते. 1979 मधे उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलनं झाली आणि 1983 मधे कायदा बदलला. ताब्यातल्या बाईवर सरकारी माणसानं केलेला बलात्कार वेगळा गुन्हा झाला, आणि अशा केसमधे संबंध सिद्ध झाला आणि तिनं संमती नव्हती असं सांगितलं तर कोर्टानं ते गृहीत धरायचं असं ठरलं. आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या एका मजूर पोरीच्या केसनं सगळ्या देशाचा कायदा हलवला, हे आपल्या पोरींना शाळेत कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटते. तो निकाल वाचा, मग ते पत्र वाचा, मग 1983 ची दुरुस्ती वाचा, याच क्रमानं.

त्याच्यानंतर शरद बिरधीचंद सारडा, 1984, परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं त्याच्यात आहेत आणि खुनाच्या जवळपास प्रत्येक युक्तिवादात ती येतात. ललिता कुमारी, 2013, एफआयआर घेणं बंधनकारक. अर्नेश कुमार, 2014, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक नाही. डी. के. बसू, 1997, अटक करताना काय पाळायचं. सुप्रीम कोर्टाचे बरेच निकाल आता त्यांच्या साईटवर मराठीत पण भेटतात, फुकट.

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच वाटते. खालच्या कोर्टाचं कामकाज मराठीत होते, फिर्याद, जबाब, पंचनामा सगळं मराठीत, आणि तिथं गावाकडच्या पोराचं कान जास्त तयार राहते, साक्षीदार "मी धुऱ्यावर होतो" म्हणाला तर तुम्हाला अर्थ विचारावा लागत नाही. पण हायकोर्टाची भाषा इंग्रजी आहे आणि पुस्तकंही जास्त करून इंग्रजीतच आहेत, त्यामुळं सुटका नाही. एक निकाल मराठीत वाचायचा आणि मग तोच इंग्रजीत, असं केलं तर वर्षा-दोन वर्षांत इंग्रजी निकाल अडखळत का होईना वाचता येते. पेपर कोणत्या भाषेत लिहिता येते हे कॉलेजात आधीच विचारा.

कॉलेजला जा. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे 70 टक्के हजेरी लागते, "अॅडमिशन घे, परीक्षेलाच ये" असं कोणी सांगत असेल तर त्या कॉलेजपासून दूर राहा. इंटर्नशिप पाच वर्षांच्या कोर्सला कमीत कमी 20 आठवडे, तीन वर्षांच्याला 12. ती कागदावर करू नका. निदान एक महिना तालुक्याच्या फौजदारी वकिलाकडं, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, आणि जमलं तर कारागृहात. जेलमधे कच्चे कैदी, म्हणजे खटला संपायचा असलेले, भेटतात, जामीन झालेला आहे पण जामीनदार नाही म्हणून आत बसलेले, ते बघितल्यावर जामिनाचं कलम तुम्ही वेगळ्याच तऱ्हेनं वाचता. मोर्शीला खुलं कारागृह आहे, कॉलेजनं परवानगी काढली तर गटानं भेट देता येते.

पुढचं थोडक्यात. डिग्रीनंतर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि बार कौन्सिलची परीक्षा. नोंदणी फी सुप्रीम कोर्टानं 2024 मधे ठरवून दिली, ओपनला 750 रुपये, एससी-एसटीला 125, त्याच्यावर कोणी हजारो मागत असेल तर निकाल दाखवा. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे 2025 च्या निकालानं 3 वर्षं वकिली पुन्हा सक्तीची केली आहे, म्हणून डिग्री झाली की लगेच क्लास लावून घरी बसण्यापेक्षा कोर्टात उभं राहायला लागा.

अन् हे आजपासून पाळा. लॉला प्रवेश घेतला की गावात तुम्ही "वकील साहेब" होता, लोक कागद घेऊन घरी येतात. अत्याचार झालेल्या बाईचं नाव, फोटो, गाव, काहीही कुठल्या ग्रुपवर टाकायचं नाही, न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे तो गुन्हा आहे, लेकरांच्या केसमधे तर आणखी कडक. वाचलेल्या एफआयआरमधलं नावही पारावर बोलायचं नाही. सल्ला देऊ नका, पैसे तर घेऊच नका, सनद नसताना वकिली करता येत नाही. त्या माणसाला तालुका विधी सेवा समितीकडं घेऊन जा, कोर्टाच्याच आवारात राहते. बाई असेल, एससी-एसटी असेल, कोठडीत असेल, तर उत्पन्न न बघता मोफत वकील भेटते, बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. हेल्पलाईन 15100. अर्ज लिहून द्या, सोबत बसा, पेशीची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर लिहून द्या, एवढं तुम्ही पहिल्या वर्षापासून करू शकता.